साळवीकाकांची सिरीज

“त्यांच्या हातात एकदम दहा गिलास देऊ नको गो, मांडत बसतील.”

शेजारच्या पारूआत्या हे आईच्या कानात म्हणाल्या, पण बिरवाडीत कानात बोललेलं निदान अंगणापर्यंत तरी ऐकू येतं. ट्रकमधून आमचं सामान उतरत होतं. आईने हमालांसाठी पाण्याचा ट्रे आणला होता आणि तो एका उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी मदतीच्या भावनेने तिच्या हातातून घेतला होता. सूचना पोचली तेव्हा उशीर झाला होता. गृहस्थांनी आमच्या लोखंडी पेटीवर ग्लास मांडले होते. मागे चार, त्यापुढे तीन, मग दोन, सगळ्यांत पुढे एक. दोन पावलं मागे सरून त्यांनी एक डोळा मिटला, मागच्या रांगेतला कडेचा ग्लास करंगळीने जरासा सरकवला आणि हमालांना म्हणाले, “आता घ्या.”

हमाल घेईनात. इतकं नीट मांडलेलं पाणी मोडायचं कसं, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

साळवीकाकांची आणि माझी ही पहिली भेट. भेट म्हणजे मी खिडकीतून पाहिलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. बाबांना महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मुंबई सोडून आलो होतो. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत आणि मग इंग्रजी कॉलेजात झालेलं. मराठी मला येत होतं, पण ते घरातलं, आई-बाबांपुरतं. चार लोकांत तोंड उघडलं की माझी वाक्यं मलाच परकी वाटत. त्यामुळे मी तोंड उघडत नसे. आळीत माझं नाव महिनाभरात ‘इंग्लिश’ पडलं. एकटे साळवीकाका मला ‘मिस’ म्हणत. “काय गो मिस, जेवलीस का?” अशी त्यांची सुरुवात असे. उत्तराची ते वाट पाहत नसत. मला ते फार सोयीचं होतं.

साळवीकाका मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे. तरुणपणी मुंबईला गेले आणि साहेब लोकांच्या एका क्लबात पिना लावायच्या कामाला लागले. गुळगुळीत लाकडी पट्टीच्या एका टोकाला दहा पिना उभ्या असतात, दुसऱ्या टोकावरून साहेब जड चेंडू सोडतो आणि त्या पाडतो, असा तो खेळ. पाडायचं काम साहेबाचं. पुन्हा उभं करायचं साळवींचं. पिनांच्या मागे भिंतीला एक फळी ठोकलेली होती, त्या फळीवर पाय वर घेऊन बसायचं, चेंडू आदळून गेला की खाली उडी मारायची, पिना मांडायच्या, चेंडू परत पाठवायचा, पुन्हा फळीवर. पुढे पिना मांडणारं यंत्र आलं आणि साळवी गावाला आले. यंत्राबद्दल ते कधी वाईट बोलत नसत. फक्त म्हणत, “मशीन मांडतंय चांगलं. पन बघत नाय मांडल्यावर.”

ते स्वतः मात्र बघायचे. कारखान्यात ते स्टोअरमध्ये होते. तिथे रिकामे ड्रम चार-तीन-दोन-एक. पौर्णिमेला विहारात मेणबत्त्या लावायला ते पहिले हजर, कारण नंतर आलेल्याला मेणबत्त्या सरळ रांगेत लावायचा मोह होतो. एकदा पारूआत्यांनी अंगणात नारळ सोलायला ठेवले. त्या कोयता घेऊन येईपर्यंत नारळांचा त्रिकोण झाला होता. “दोन कमी पडले बघ वहिनी,” काका खंतावून म्हणाले. आत्या म्हणाल्या, “माझ्या माडाला सांगा.”

पण हे सगळं किरकोळ. साळवीकाकांचं खरं काम म्हणजे सिरीज. मुंबईला असताना तिथे परदेशी प्रोफेशनल खेळाडूंची एक सिरीज झाली होती आणि त्यांच्या पिना काकांनी लावल्या होत्या. प्रोफेशनल घाम पुसत नाही, प्रोफेशनल पंचाशी भांडत नाही, प्रोफेशनल हरला तरी बूट सावकाश सोडतो, अशी पुष्कळ माहिती ते तिथून घेऊन आले होते. गावाला आल्यावर त्यांनी ठरवलं, आपल्याकडेही सिरीज पाहिजे. दर साली, मे महिन्यात, मुंबईकर गावाला येतात तेव्हा. महाड, बिरवाडी, कापडे, पोलादपूर, जो येईल तो. आणि ती प्रोफेशनलच असणार, कारण जिंकणाऱ्याला बक्षीस होतं. गिरणीवाले शेठ तांदळाचं एक पोतं देत.

सिरीज व्हायची ती शेठच्याच बिरवाडीतल्या भातगिरणीत. पत्र्याच्या लांब पडवीला सिमेंटचा कोबा होता, भात वाळवायचा. चुन्याने दोन रेघा मारल्या की पट्टी तयार. पिना महाडच्या एका कातारीकडून घडवून घेतलेल्या. कातारीचा जन्म खाटांचे पाय कातण्यात गेलेला. काकांनी त्याला हातवारे करून पिन समजावली, त्याने मान डोलावली आणि गळ्याला दोन-दोन वळी असलेल्या, थेट खाटेखालून निघाल्यासारख्या दहा पिना केल्या. काकांनी त्या हातात फिरवून पाहिल्या आणि म्हणाले, “ठीक हाय. आपल्या सिरीजच्या पिना अशा.” चेंडू फणसाच्या ओंडक्याचा होता, तीन भोकांचा. तो परत पाठवायला पोफळीचं खोड चिरून केलेली पन्हळ उतरती बसवली होती. आणि पट्टीला गुळगुळीतपणा यायचा तो कोंड्याने. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी काका फडक्यात तांदळाचा कोंडा बांधून, गुडघ्यांवर बसून, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत जात. कोंड्यातलं तेल सिमेंटवर चढलं की तिच्यावर माशीसुद्धा घसरेल असं वाटे. हे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत.

गावातले लोक याला ‘बाटल्यांचा खेळ’ म्हणत. ते ऐकलं की काकांचा आवाज चढे. “बाटली नाय, पिन! आणि खेळ नाय, सिरीज! सिरीज हाय, गंमत नाय.”

सिरीजचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता आणि कारखान्याच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा ज्याला मिळे त्याला तो ऐकावा लागे. पहिल्या सिरीजच्या फायनलला गिरणीत कुत्रं शिरलं आणि त्याने तीन पिना पाडल्या. त्या कुणाच्या धरायच्या यावर दुपारभर वाद झाला. शेवटी कुत्र्याला बाद ठरवण्यात आलं. दुसऱ्या सिरीजला बिरवाडीच्या एका पहिलवान गड्याचा अंगठा चेंडूत अडकला. गडी चेंडूसकट एस्टीने महाडच्या दवाखान्यात गेला. कंडक्टर म्हणाला, चेंडूचं लगेज पडेल. पहिलवान म्हणाला, हा माझा हात आहे. काका सांगत, “दवाखान्यात साबण लावून चेंडू काढला, आनून पुन्हा फायनल घेतली. सोडली नाय. रेकॉर्ड हाय.” चौथ्या सिरीजच्या वेळी एक पिन गायब झाली. शोधत शोधत काका नदीवर गेले, तर तिथे एक बाई त्या पिनेने चादरी धोपटत होती. काका काठावर बसून राहिले. तिचं धुणं संपल्यावर पिन घेऊन आले. “मधीच मागितली आसती तर धुनं राह्यलं असतं तिचं,” ते म्हणाले.

जगातल्या सगळ्या घटना त्यांना सिरीजवरून आठवत. आमच्या बाबांना ते सांगत, “तुमी इथं आलात सहावी सिरीज झाल्यावर.” काकू वारल्या त्या पाचवीच्या आधी. “पाचवी घेऊ नको बोलले लोक. मी घेतली. ती असती तर तिनंच घ्यायला लावली असती,” एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत आणि मग थेट सहाव्या सिरीजवर येत.

सातव्या सिरीजला त्यांनी मला गुणांच्या फळ्यावर बसवलं. या खेळात गुण मांडायची रीत जरा किचकट असते, मागच्या गुणांत पुढचे मिळवावे लागतात. आधी जे फळ्यावर बसत ते स्वतःच्या मेव्हण्याला हळूच एखादी पिन जास्त देताना सापडले होते. काका बाबांना विचारायला आले. बाबा म्हणाले, “ती जमाखर्च उत्तम करते हो, पण बोलत नाही कुणाशी.”

“चांगलंच की,” काका म्हणाले. “फळ्यावरचा मानूस बोलका नको.”

माझ्या न बोलण्याचा तोवर कुणाला उपयोग झाला नव्हता. मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

त्यांनी मला गुण कसे मांडायचे ते शिकवलं आणि मग नियम सांगितले. रेघेवर पाय पडला तर तो चेंडू फुकट. चेंडू फेकायचा नाही, सोडायचा. एखादा खेळाडू आला नाही तर त्याच्या गावचा बदली माणूस खेळेल, पण फायनल झालीच पाहिजे. “मुंबईत एक सिरीज व्हती. एका वरसाला भांडन झालं, फायनल न टाकता एकाला कप दिला. पुढच्या साली कोन आलंच नाय. तिथंच मेली ती. न टाकता फायनल दिली की सिरीज तुटली, ध्यानात ठेव.” आणि शेवटचा नियम: पिना लावणाऱ्याने चेंडू टाकायचा नाही. त्याने चेंडूला हात लावायचा तो परत पाठवण्यापुरता.

“का?” हा एक शब्द माझ्या तोंडून निघून गेला.

“नियम हाय खेळाचा,” काका म्हणाले. “क्लबातपन तसंच व्हतं.”

शाळेत असताना एका वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाला मी मुंबईत अशा एका क्लबात गेले होते. तो काकांचाच क्लब होता की दुसरा, मला माहीत नाही. आम्ही मुलींनी चेंडू टाकले, केक खाल्ला. पट्टीच्या टोकाला अंधारातून दोन हात यायचे, पिना उभ्या करायचे आणि नाहीसे व्हायचे. पाणी प्यायच्या जागेजवळ इंग्रजीत पाटी होती, नोकरवर्गाने खेळाच्या जागेत उतरू नये. तो खेळाचा नियम नव्हता. पण साळवीकाका इतक्या अभिमानाने तो सांगत होते की मी खडूची धूळ झटकत राहिले.

तर असे हे पंच, आयोजक, इतिहासकार आणि पिनवाले साळवीकाका. त्यांच्या सिरीजमध्ये ज्याला हात होते तो प्रत्येक माणूस खेळून गेला होता. शेठ खेळले होते, पोस्टमन खेळला होता, पारूआत्यांनीसुद्धा एकदा पदर खोचून चेंडू सोडला होता आणि पन्हळ मोडली होती. एकटे काका कधी खेळले नव्हते. चेंडू अडवायला गोणीत तूस भरून मागच्या भिंतीला टांगलेलं असे, त्याच्या बाजूला त्यांनी मुंबईसारखी एक फळी ठोकून घेतली होती. त्या फळीवर ते पाय वर घेऊन बसत आणि प्रत्येक चेंडू येताना बघत. तो यायच्या आधीच त्यांना कळे किती पडणार. ओठ हलत. मी फळ्यावरून बघे, त्यांचा उजवा हात मांडीवर, चेंडू धरल्यासारखा, नकळत मागे-पुढे होई.

आठव्या सिरीजची फायनल होती पोलादपूरच्या कदम मास्तरांची आणि कापड्याच्या वामनची. वामन आमच्याच वसाहतीत एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होता. मास्तर त्याआधी तीनदा फायनलला येऊन हरले होते. “शाळेतली पोरं मला ‘उपविजेते मास्तर’ म्हणतात हो,” ते बाबांना सांगत होते, “मुख्याध्यापकसुद्धा हसतात.”

त्याच दिवशी कापड्यात लग्न होतं, तेही साळवीकाकांच्या सख्ख्या पुतण्याचं. सगळं गाव मांडवात. काका मात्र सकाळपासून गिरणीत. भाऊ निरोप धाडून धाडून थकला. शेवटी एक म्हातारा नातेवाईक स्वतः आला. “अरं शिवराम, लगीन हाय घरचं! काय बोलतील लोक?”

“गावात लग्नं दर साली व्हतात तात्या,” काका पिना पुसत म्हणाले. “आठवी सिरीज एकदाच.”

“आणि सातवी?”

“तीपन एकदाच झाली.”

तात्यांनी हात जोडले आणि परत गेले.

ठरलेली वेळ झाली तरी वामनचा पत्ता नव्हता. मुंबईकर, कामगार, पोरंटोरं, गिरणी भरली होती. मास्तर खांद्यावरचा पंचा सारखा करत होते. तेवढ्यात एक कामगार मोटारसायकलवरून आला आणि दारातूनच ओरडला, “वामन येत नाय! पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाय त्याचा. प्लॅन्ट चालू हाय, सोडून येता येनार नाय बोलला.”

सगळे एकदम बोलू लागले. मास्तर उभे राहिले. “हे बघा साळवी, मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण पोलादपूरची शेवटची एस्टी चुकली तर मला इथेच भातावर झोपावं लागेल. नियमाने मी जिंकलो. पोतं राहू द्या हवं तर, मला नुसतं विजेता म्हणा.”

“न टाकता?” काका फळीवरूनच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मग उद्या घ्या,” कुणीतरी म्हणालं.

“उद्यापासून माझी शिबिराची ड्यूटी आहे,” मास्तर म्हणाले.

“बदली द्या कापड्याचा!”

“कापडं सगळं मांडवात जेवतंय!”

एवढ्यात पारूआत्यांचा आवाज आला, खणखणीत. “अवो, हे काय फळीवर बसलंय कापड्याचं! साळवी, तुमीच टाका की!”

गिरणीत हशा झाला आणि मग हशाचं ओरडणं झालं. “टाक रे साळव्या! टाक!” शेठ गल्ल्यावरून उठून आले. मास्तरही म्हणाले, “टाका हो, पण लवकर टाका.”

काका फळीवरून उतरले नाहीत. “पिनवाला टाकत नाय. नियम हाय.”

“तुझाच नियम तो!”

“माजा नाय. खेळाचा हाय.” ते मोठ्यांदा बोलले, पण आवाज थोडा फुटला. “फायनल झाली नाय म्हनून लिव्हा. तुटली सिरीज म्हनून लिव्हा. आठवीला तुटली.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर मीच होते.

मी खडू ठेवला. त्या पट्टीच्या कडेने मी तोवर कधी चालत गेले नव्हते. चपला घसरत होत्या म्हणून काढून हातात घेतल्या. सगळे बघताहेत हे पाठीला कळत होतं. फळीपाशी पोचल्यावर मी हळू आवाजात म्हटलं, “काका, तो नियम खेळाचा नाही. क्लबाचा होता. नोकरांसाठी. मी पाटी वाचलीय.”

मला वाटलं होतं, ते चमकतील. त्यांनी नुसती एक पिन उचलून बाहीने पुसली.

“ठाऊक हाय मला, मिस.”

मी चपला दुसऱ्या हातात घेतल्या.

“मला इंग्लिश वाचता नाय येत. पन पाटी कोनासाठी टांगलीय ते कळायला वाचावं लागत नाय.” ते पिनेशीच बोलत होते. “गावाला आलो तवा लोक इचारायचे, साळवी, तू किती पाडल्यास? मी बोललो, पिनवाला टाकत नाय, नियम हाय खेळाचा. लोकांना पटलं. मंग हळूहळू मलापन पटलं. आता तो नियम काढला तर काय उरलं गो? एक मानूस मागं अंधारात बसला व्हता, आनि एवढ्या वरसांत त्याला कोन पुढं ये बोललं नाय. एवढंच ना?”

मागे लोकांचा गलका चालूच होता. मास्तर एस्टीची वेळ मोठ्याने सांगत होते. काकांचे ते मोठे, गाठी आलेले हात पिनेभोवती घट्ट आवळलेले होते. मी इंग्रजीत पाठ केलेली कितीतरी वाक्यं मला त्या क्षणी आठवली. त्यातलं एकही तिथे बोलण्यासारखं नव्हतं.

मी चपला भिंतीशी ठेवल्या. ओढणी कमरेला बांधली. त्यांच्या हातातली पिन हळूच सोडवून घेतली आणि ते आपसूक फळीवरून खाली उतरले, तशी मी फळीवर चढून पाय वर घेतले. तिथून पूर्ण गिरणी दिसत होती. उजेडात उभी असलेली सगळी माणसं दिसत होती, आणि त्यांना मी बहुतेक नीट दिसत नव्हते. माझा आवाज एवढा मोठा निघतो हे बिरवाडीला त्या दिवशी कळलं, आणि मलाही.

“कापड्याचे बदली खेळाडू, शिवराम साळवी! काका, पुढे या. पिना मी लावते.”